बिब्याचा डाग

मुरूमच्या बसस्टँडमागं रक्त तपासणीचं एक छोटं दुकान आहे. चार वर्षं मी तिथं दर महिन्याला साखर तपासायला जातो, पण तिथल्या माणसाचं नाव मला अजून माहीत नाही. सुई टोचताना तो तोंडाकडं बघतसुद्धा नाही. कापूस दाबला की म्हणतो, "सर, चप्पल काढा." मग मोबाईलची बॅटरी लावून खाली बसतो आणि तळपाय बघतो. लोक हसतात. मलाही आधी राग यायचा.

आमच्याकडं पायात काटा मोडला की बिब्याचा चटका देतात. काळा डाग राहतो, त्याकडं कुणी लक्ष देत नाही. त्या दुकानातल्या माणसाच्या आईच्या टाचेवरही असाच डाग होता. डॉक्टरांनी तुकडा काढला. दुर्बिणीखालीही नक्की कळेना, म्हणून जनुकं तपासायला तो याच दुकानातून मुंबईला धाडला. कातडीच्या कॅन्सरमध्ये सापडतो तो बिघाड त्यात निघाला. रिपोर्ट त्याच्याच टेबलावर आला.

हे त्यानं एकदाच सांगितलं. "काटा आत हाय म्हणून म्याच बिबा घातला, सर. दोनदा."

परवा त्याची बॅटरी माझ्या डाव्या पायाशी थांबली.

"बिब्याचाच डाग आहे तो," मी म्हणालो.

"कवा घातला?"

मी आठवत राहिलो. पायात काटा मोडलेलाच आठवेना.

त्यानं घाई केली नाही. बॅटरी तशीच ठेवून त्यानं मान वर केली आणि चार वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघितलं.