आठ दिवसांचं पाणी

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला हाताला धरून घरभर फिरवलं आणि पाणी दाखवलं. स्वयंपाकाच्या ओट्यावरचे दोन तांब्याचे हंडे पिण्याचे. मोरीतला अर्धा कापलेला निळा ड्रम अंघोळीचा. त्याच्या शेजारच्या चार बादल्या कपड्यांच्या, मागच्या अंगणातला टब भांड्यांचा. जिन्याखाली दोन घागरी होत्या. या कशाच्या म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "त्या राहू दे." पाच वर्षांत त्या घागरींना कुणी हात लावलेला मी पाहिला नाही.

पारोळ्यात आमच्या गल्लीत पाणी आठव्या दिवशी येतं, कधी नवव्या. त्या दिवशी अक्का पहाटेपासून नळापाशी. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई, द्रौपदाबाई. सगळी गल्ली त्यांना अक्काच म्हणते. घरात आम्ही चौघं. अक्का, मी, माझा नवरा समाधान, जो धुळ्याला मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात रोज एसटीने ये-जा करतो, आणि आमची मृणाली, म्हणजे मनू. मी बालवाडीत शिकवते. त्यामुळे मला बोलायची सवय आहे आणि ऐकायची नाही, असं समाधान म्हणतो. म्हणू दे.

अक्कांचे गुडघे गेलेत. चष्म्याशिवाय त्यांना गव्हातला खडा दिसत नाही. पण पाणी सांडलेलं मात्र ऐकू येतं, ते कुठेही सांडो. टीव्हीवर मालिका मोठ्याने चाललेली असते आणि मधेच त्या मान वळवून म्हणतात, "बेबाबाईना नळ गळी राहिना." जाऊन बघावं तर खरंच गळत असतो.

बेबाबाईंचं घर आमच्या समोर. त्यांच्या गच्चीवर टाकी आहे, टाकीला पाइप, आणि त्या पाइपने त्या त्यांच्या लेकीची, डिंपलची, स्कूटर धुतात, ओटा धुतात, वर गल्लीही धुतात. दोन वर्षांपूर्वी अक्कांना ते बघवलं नाही. दारात उभ्या राहून ओरडल्या, "तुना बापनं धरन शे का व?" बेबाबाई काय कमी आहेत! "मना नळ, मनं पानी, तुले काय करनं?" झालं, त्या दिवसापासून बोलणं बंद. हळदीकुंकवाला एका खोलीत बसायच्या, पण एक खिडकीकडे तोंड करून आणि एक कपाटाकडे.

आमच्याकडेही टाकी बसवू म्हणून समाधानने किती वेळा सांगितलं. अक्कांचं एकच: "वरलं पानी माले दिसत नही." पाणी डोळ्यांना दिसलं पाहिजे, किती उरलं ते बोट बुडवून कळलं पाहिजे. मला आधी त्याचं हसू यायचं. मनू चालायला लागली आणि हसू पळालं.

चौदाव्या महिन्यात पोरगी उभी राहिली आणि थेट बादलीच्या काठाला धरून उभी राहिली. पाणी दिसलं की ती वाटी घेऊन धावायची. घरात जिथे बघाल तिथे पाणी, तेही सगळं जमिनीवर, तिच्या गुडघ्याएवढं, कमरेएवढं. माझा जीव थाऱ्यावर राहीना. "अक्का, वीतभर पाण्यातसुद्धा लेकरू बुडतं," मी म्हणायची. "डोकं खाली गेलं की त्यांना वर येता येत नाही. आवाजसुद्धा होत नाही."

"मंग काय पानी डोकावर ठेवू?" त्या म्हणायच्या. "मी तीन लेकरं मोठी करी. एकबी बुडनं नही."

शेवटी मीच हट्ट धरून मोरीच्या दाराला उंच कडी बसवून घेतली. आत शिरणाऱ्याने बाहेर पडताना लावायची. अक्कांच्या ते लक्षात राहायचं नाही. साठ वर्षं ज्या बाईने मोरीला कडी पाहिली नाही तिच्या लक्षात कसं राहणार? पण मी सोडते काय! "कडी!" मी बालवाडीतल्या आवाजात ओरडायची. पाहुण्यांसमोर ओरडले. एकदा भाजीवालीशी बोलत त्या दारात उभ्या होत्या, तिच्यासमोर ओरडले, गल्लीतल्या चार बायकांनी ऐकलं. अक्का आत जाऊन कडी लावून आल्या.

एप्रिलातला रविवार होता. पाणी येऊन तीन दिवस झाले होते, म्हणजे ड्रम अजून अर्ध्याच्या वर भरलेला. समाधान चुलतभावाच्या साखरपुड्याला पिंपळनेरला गेला होता. अक्का बाहेरच्या ओट्यावर ताटात गहू घेऊन निवडत बसल्या होत्या. मी अंघोळ करून केस पुसत बाहेर आले, तेवढ्यात फैजपूरहून माझ्या बहिणीचा, वृषालीचा, फोन आला. मनू पुढच्या खोलीत वाट्या आणि झाकणं घेऊन बसली होती. मी पलंगावर टेकले आणि आम्ही ब्लाउजच्या गळ्याबद्दल बोलायला लागलो.

कडी मी लावली नव्हती. हे आताच सांगून टाकते.

बाहेरून अक्का ओरडल्या, "कोन पानी सांडी राहिनं व?"

मला काही ऐकू आलं नव्हतं. मला उलट वैताग आला. मी फोनमध्ये वृषालीला म्हणाले, "थांब गं, म्हातारीचं सुरू झालं." हे शब्द मी बोलले. आजही आठवले की तोंड लपवावंसं वाटतं.

अक्का आत आल्या. ताट तसंच टाकलं असणार, गहू उंबऱ्यावर सांडल्याचा आवाज आला. ज्यांना जिन्याच्या दोन पायऱ्या चढायला दम लागतो त्या माझ्यासमोरून पळत गेल्या. "अक्का, हळू, पडाल," मी म्हणाले. मोरीतून त्या ओरडल्या, "माय व!" तेव्हा कुठे मी उठले.

मनूचे पाय ड्रमच्या काठाबाहेर होते, बाकी सगळी आत. अक्कांनी फ्रॉकला धरून तिला वर खेचलं. पाण्यावर स्टीलची वाटी तरंगत होती. मनू डोळे उघडे ठेवून गप्प होती. अक्का म्हणतात, एक श्वासभरच गप्प होती. मला विचाराल तर मी सांगू शकत नाही. मग ती खोकली, पाणी ओकली, पुन्हा खोकली आणि जी रडायला लागली, की तिच्या रडण्याने मी भानावर आले. तोवर मी किंचाळत होते म्हणे.

समोरून बेबाबाई धावत आल्या, मागे डिंपल. डिंपलने स्कूटर काढली, ज्या स्कूटरवरून भांडण झालं तीच, आणि मला मनूसकट मागे बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली. काही सेकंदच गेले असतील, वाचली, म्हणाले, पण चार वाजेपर्यंत इथेच ठेवा, श्वास बघू द्या. चार वाजेपर्यंत मी तिच्या छातीकडे बघत बसले. डोक्यात एकच विचार होता की घरी गेल्यावर अक्का काय बोलतील. त्यांनी काहीही बोलावं, त्यांचा हक्क होता. वर्षभर मी त्यांना सोडलं नव्हतं.

घरी आलो तर गल्ली कोपऱ्यापर्यंत ओली. आमच्याकडे गल्ली ओली म्हणजे बेबाबाई, हे ठरलेलं, म्हणून मी आधी त्यांच्या दाराकडे बघितलं. त्यांचा ओटा कोरडा होता. पाणी आमच्या उंबऱ्यातून येत होतं. चारही बादल्या भिंतीशी पालथ्या. टब पालथा. निळा ड्रम अंगणात आडवा. जिन्याखालच्या घागरीसुद्धा रिकाम्या. अक्का ओट्यावर बसल्या होत्या, लुगडं कमरेपर्यंत ओलं, सगळं एकटीने ओढलेलं. सांडलेले गहू उंबऱ्यात तसेच होते. घरात स्वयंपाकाच्या ओट्यावरचे पिण्याचे दोन हंडे तेवढे शिल्लक होते आणि पाण्याला पाच दिवस बाकी होते.

"पोर कशी शे?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे. झोपली." मी मनूला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "अक्का, कडी मी..."

"माहीत शे," त्या म्हणाल्या. "ड्रम मना व्हता." आणि उठून गहू गोळा करायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी धुवायलाही पाणी नव्हतं. मी म्हणाले, टँकरवाल्याला फोन करते. अक्कांनी दोनांतला रात्रीत रिकामा झालेला हंडा उचलला, कमरेवर घेतला आणि समोर निघाल्या. जन्मात ज्या बाईने कुणाकडे तांब्याभर पाणी मागितलं नाही ती बेबाबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली. मनूला कडेवर घेऊन मी मागोमाग गेले. शेजारच्या इंदिराबाई ओट्यावर येऊन उभ्याच राहिल्या.

"बेबाबाई, एक हंडा पानी दी दे व."

दोन वर्षं बेबाबाईंनी या क्षणाची वाट पाहिली असणार. त्या आत गेल्या, पाइप आणला आणि हंड्यात सोडला. पाणी पडायला लागल्यावर मात्र त्यांना राहवलं नाही. "अक्का, बठ्ठं पानी कशाले वती दिधं व? काय व्हयनं व्हतं नेमकं?"

इंदिराबाई दोन पायऱ्या खाली उतरल्या. मी खाली बघत उभी होते. अक्का माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मनाकडथीन कडी राही गई व. म्हातारपन शे, ध्यानात राहत नही."

माझ्या कानशिलात बसली असती तर बरं वाटलं असतं. याच गल्लीत मी त्यांच्यावर ओरडले होते.

"नाही," मी म्हणाले. आवाज मोठा निघाला, बालवाडीतलाच. "कडी माझ्याकडून राहिली, बेबाबाई. मी फोनवर बोलत होते. अक्कांनी काढलं तिला. अक्का नसत्या तर..." मनू माझं तोंड चाचपायला लागली. बेबाबाई पाइप हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या, आणि अक्काही.

हंडा भरून वाहायला लागला होता.

"आवं, नळ बंद कर ना व!" अक्का बेबाबाईंवर खेकसल्या. "पानी सांडी राहिनं!"