काच बाबांनी बदलली

मी जर्मनीला निघालेलो तेव्हा अख्खी बिल्डिंग खाली उतरलेली. डोंबिवलीत कुणी परदेशी चाललं की मेतकूट आणि सल्ले एकत्रच बांधून मिळतात. तळमजल्यावरच्या जोशीकाकांनी विचारलं, "तिकडे नेमकं शिकणार काय?" मी छाती फुगवून म्हणालो, "मटेरियल्सचं मेकॅनिक्स. वस्तू का तुटतात, त्याचा अभ्यास." काका म्हणाले, "त्याला जर्मनी कशाला? आमच्या नातवाला महिनाभर घरी ठेवून घे!" सगळे हसले. आई हसता हसता रडायला लागली. टॅक्सी शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकली, तोवर माझंही तेच झालेलं.

इथे मी काँक्रीटच्या ठोकळ्यासमोर बसतो. मशीन त्याला हळूहळू वाकवतं, कॅमेरे फोटो काढतात, आणि भेग पुढे कुठे जाणार हे कॉम्प्युटर आधीच ओळखायला शिकतोय. शेजारच्या लॅबमध्ये काँक्रीटमध्ये जिवाणू घालतात. पाणी शिरलं की ते चुनखडी तयार करून भेग आपणहून बुजवतात. या विषयात संधीच संधी आहेत, असं मी प्रत्येक फोनवर सांगायचो. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडलेत, त्यांना हा सूर ओळखीचा असेल.

मग आमच्या हॉलमधल्या खांबाला भेग पडली. बाबांनी व्हिडिओ कॉलवर मोबाइल इतका जवळ नेला की मला नुसता खांबाचा पिस्ता कलर दिसला. मी तज्ज्ञाच्या आवाजात सांगितलं, "भेगेवर आडवी पातळ काच चिकटवा, दोन्ही टोकं पक्की. काच शाबूत राहिली पाहिजे." भेग वाढली की काच तडकते आणि आपल्याला कळतं, म्हणून ती लावायची. जुना, स्वस्त, खात्रीचा उपाय. पण हे 'म्हणून' मी बोललोच नाही. मला ते इतकं उघड वाटलेलं.

दर रविवारी विचारायचो, "बाबा, काच?" उत्तर ठरलेलं, "ठणठणीत!" त्या जोरावर मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, घर सोडायची घाई नको. लोकांनी अंगठे पाठवले.

दिवाळीत आई सहज म्हणाली, "यांच्या त्या काचेच्या तुकड्यांनी माझा पाय कापला रे."

"कुठले तुकडे?"

मागून बाबा, "अरे, तुझी ती काच सारखी तडकायची. मी नवी लावायचो. शेवटी कंटाळून प्लॅस्टिकची पट्टी लावली. आता बघ, काही होत नाही तिला!"

"मग ठणठणीत काय सांगत होता?"

"नवी ठणठणीतच असते ना!"

बाबांवर चिडणार तरी कसा? घरात काही फुटलं की मला कळायच्या आत ते बदलायचं, हे त्यांनी माझ्या लहानपणापासून केलेलं. मी त्यांना काच शाबूत ठेवायला सांगितलेलं. त्यांनी ठेवली.

मी ग्रुपवर खरं काय ते कळवलं. सोसायटीने इंजिनिअर आणला. त्याने खांबाशेजारी लोखंडी टेकू लावले आणि बिल्डिंग रिकामी करा म्हणून सांगितलं. अर्ध्या बिऱ्हाडांनी सामान हलवलं, जोशीकाकाही गेले. टिटवाळ्याला भाड्याची जागा मी इथूनच ठरवून ठेवली आहे. पण आमचे दोघे हलत नाहीत. माझा व्हिसा नूतनीकरणात अडकलाय. आत्ता निघालो तर परत इथे येता येणार नाही. तरी येतो म्हटलं, तर आई म्हणते, "खबरदार, आलास तर!"

मी ओरडतो, गयावया करतो, फुटलेल्या खांबांचे फोटो पाठवतो. बाबा ते फोटो नातेवाइकांना दाखवतात, मुलाचं काम म्हणून.

काल ते म्हणाले, "तू घर सोडलंस ते परत यायच्या बोलीवर. आम्हीपण सोडलं, तर तू येणार कुठे?"

"तुम्ही असाल तिथे, बाबा. टिटवाळ्याला येईन."

त्यांनी फोन आईकडे दिला.