घोटभर पाणी

एसटी स्टँडच्या बाकावर शेजारच्या बाईंनी जाडजूड कॅप्सूल जिभेवर ठेवली, बाटली तोंडाला लावली, जेमतेम ओठ भिजतील एवढं पाणी घेतलं आणि झाकण घट्ट लावून टाकलं. ते झाकण बघून माझं डोकंच तापलं.

मागच्या वर्षी मीही अँटिबायोटिकची कॅप्सूल अशीच घोटभर पाण्यावर ढकलली होती. ती अन्ननलिकेत चिकटून बसली आणि तिथंच विरघळत आतून भाजत गेली. आठ दिवस मऊ वरणभातसुद्धा निखाऱ्यासारखा उतरत होता. डॉक्टर म्हणाले, "ग्लासभर पाणी प्यायला काय होतं तुम्हा बायकांना?"

काय होतं? पाच तासांचा प्रवास होतो, डॉक्टर. वाटेतल्या स्टँडवर बायकांच्या संडासाला कुलूप असतं, नाहीतर आत पाय ठेववत नाही. शाळेच्या सहलीपासून आई बजावत आली, निघताना पाणी पिऊ नकोस. तहान लागली की आम्ही आधी किती तास उरलेत ते बघतो. ज्यांनी ही कुलपं घातली त्यांना एकदा तरी कोरड्या घशानं ती कॅप्सूल गिळायला लावली पाहिजे.

"अहो, अजून पाणी प्या, गोळी आत अडकते," मी बाईंना जरा जोरातच म्हणाले.

त्यांनी कोपऱ्यातल्या बायकांच्या संडासाच्या कुलपाकडे पाहिलं, मग माझ्या मांडीवरच्या बाटलीकडे.

"तुम्ही प्यालात का?"

सकाळी घरून भरून आणलेली माझी बाटली तशीच्या तशी भरलेली होती.