“होते की,” असं मी म्हणाले

हे मी आजवर कुणापुढे बोललेले नाही — नवऱ्यापुढे नाही, देवापुढेही नाही. तुम्हाला सांगते. ऐकून माझ्याबद्दल जे वाटायचं ते वाटू दे.

सुमन माझी धाकटी जाऊ. नव्वदच्या आसपासची गोष्ट. घर पडघ्याजवळच्या गावात, दोघींचे नवरे भिवंडीत लूमवर. म्हशीला पेंढा काढायला ती उडवीपाशी गेली आणि तिला घोणस चावली. भिवंडीच्या दवाखान्यात इंजेक्शनं झाली, हिरड्यांतून येणारं रक्त थांबलं, सुजलेला पाय घेऊन ती घरी आली. डॉक्टरांनी एकच बजावलं होतं — लघवीवर लक्ष ठेवा, कमी झाली तर लगेच आणा.

लक्ष कोण ठेवणार? मीच. आमच्याकडे सासऱ्यांदेखत नवरा बायकोच्या खाटेजवळ जात नसे. दीर दाराबाहेरूनच मला विचारायचा.

आणि मी — काय सांगू — जळत होते. माझं मूल पोटातच गेलं तेव्हा आठवडाही न होता मला शेतावर धाडलं होतं. हिला मात्र मोसंबी. चूल, धुणी, म्हैस, सगळं माझ्या गळ्यात. सोंग करते, असंच मी मनात धरलं होतं.

एका सकाळी तिने माझा हात धरला. “जाऊबाय, कालपास्नं लघवीच होत न्हाय. तुमी सांगा ना त्यांना, मला लाज वाटते.”

दीर ड्युटीला निघताना दाराशी आला. मी म्हणाले, “होते की. बरी हाय ती.” आतून ती ऐकत असणार.

का म्हणाले? सगळे पुन्हा तिच्याभोवती जमले असते, म्हणून. एवढंच. दुसऱ्या दिवशीही मी तेच म्हणाले.

तोंड सुजलं, धाप लागली, तेव्हा कुठे तिला नेलं. मूत्रपिंडं निकामी झाली होती. रक्तात साठलेली घाण हृदयाला झेपेना, ठोके चुकायला लागले. डॉक्टर आम्हा सगळ्यांवर चिडले — लघवी बंद झाल्याचं कुणी सांगितलं कसं नाही? सुमनच बोलली, धापा टाकत.

“मीच सांगितलं न्हाय कुनाला.”

असं का बोलली ती? मला आजही कळलेलं नाही. तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं — नाही उघडलं. संध्याकाळी तिचं हृदय बंद पडलं.

लाजेपायी मेली, असं घरात ठरून गेलं. नवी सून आली की सासूबाई तिला सुमनचं उदाहरण द्यायच्या — दुखलंखुपलं लपवू नकोस, तिच्यासारखी मरशील. आता सासूबाई नाहीत. घरात मोठी मी. ते सांगायचं माझ्याकडे आलंय, आणि मी सांगते.