ठाण्यासमोरचं भरीत

आमच्या पोलीस ठाण्याला एकच पायरी आहे. तीही इतकी बुटकी, की शेजारच्या घरची कोंबडी तिच्यावर चढताना पंखसुद्धा उघडत नाही. त्या पायरीवरून माझा धाकटा दीर पडला आणि त्याच्या डाव्या कानाचा पडदा फाटला, असं पोलिसांचं म्हणणं. एवढ्याशा पायरीवरून पडून नेमका कानाचा पडदा फाडून घ्यायचा म्हणजे माणसाला आधी सर्कशीत नोकरी पाहिजे. आमच्या दिराला साधी मांडी घालायची म्हटली तरी गुडघे कुरकुरतात. पण कागदावर तसं लिहिलंय, आणि पुढे जोडलंय, ‘दारूच्या नशेत’. ज्या माणसाने आयुष्यात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही, तो म्हणे दारूच्या नशेत!

झालं होतं ते असं. केळीच्या बागेतल्या विहिरीवरून मोटारीची केबल चोरीला गेली. असोद्यापासून चोपड्यापर्यंत कुणालाही विचारा, केबल चोरीला जाते, माणूस शिव्या देतो आणि नवी आणतो. आमच्या दिराला मात्र तक्रार द्यायची हुक्की आली. गेला की हवालदार म्हणायचा, उद्या या. दुसऱ्या दिवशी गेला की म्हणायचा, साहेब बंदोबस्ताला गेलेत. असे चार-पाच खेटे झाल्यावर दीर म्हणाला, “जाऊ द्या, आता चोरालेच पाठवतो. तो तरी तुमच्या वळखीचा असंन.”

ठाण्यात बसलेली चार माणसं हसली. हवालदाराचा हात सुटला.

जळगावच्या डॉक्टरने कानात बॅटरी मारून बघितलं आणि पडदा गेलाय म्हणाला. तेव्हापासून डाव्या बाजूने कुणी बोललं की दीर नुसता हसतो, कारण काय म्हणाले ते कळत नाही आणि विचारायची लाज वाटते. मोटरसायकलवर बसायचा तर मागून येणारा ट्रक ऐकू येत नाही, म्हणून असोद्याला जायचं तरी हल्ली एसटीची वाट बघतो. पण त्याला लागलं होतं ते वेगळंच. पारावर टाळकी जमली की एखादा हळूच बाटलीची खूण करायचा. गंमत म्हणूनच, पण करायचा.

“मले पैसे नको, काही नको,” तो घरात म्हणायचा. “त्यानं सोताच्या तोंडानं म्हनावं का म्या मारलं. बस.”

मागितलं तर केवढंसं! पण ठाण्याकडून कबुली मिळवणं म्हणजे रेड्याकडून दूध काढणं. चौकशी झाली, नाही असं नाही. चौकशी केली त्याच ठाण्याने. हवालदाराला त्याच्याच शेजारच्या टेबलावरच्या माणसाने विचारलं, तू मारलंस का? तो म्हणाला, नाही. मग दोघांनी चहा घेतला असणार. कॅमेरा त्या दिवशी रंगकामासाठी उतरवलेला होता. रंग कुठे दिला ते मी अजून शोधतेय.

आमची पिठाची गिरणी आहे. गिरणीच्या घरघरीत आयुष्य गेलेल्या बाईला हळू बोलता येत नाही, ही माझी पहिली अडचण. गिरणीवर बायका येतात आणि दळण होईपर्यंत बोलतात, ही ठाण्याची अडचण. केबल चोरीची तक्रार द्यायला जाऊन हात हलवत परतलेले, उगाच दोन फटके खाल्लेले, गाडी सोडवायला गेले आणि स्वतःच अडकले, असे सगळे लोक कुणाच्या ना कुणाच्या डब्याबरोबर माझ्या गिरणीवर यायचे. त्यातून गावाची मागणी ठरली. पोलिसांविरुद्धच्या तक्रारीची चौकशी पोलिसांनी करायची नाही. त्यासाठी तालुक्यात सामान्य माणसांची वेगळी समिती पाहिजे. एखादा निवृत्त न्यायाधीश असावा, एखादा डॉक्टर असावा, दोन बाया असाव्यात, आणि समितीने बोलावलं की ठाण्याने येऊन उत्तर द्यावं. वर कुठेतरी तसलं मोठं प्राधिकरण आहे म्हणतात. असेल बापडं. पण तिथवर पोचेपर्यंत माणसाचा दुसरा कानही म्हातारपणाने जायचा. ग्रामसभेत ठराव झाला. पंख्याखाली झोपलेल्यांनीसुद्धा हात वर केले.

ठराव घेऊन आम्ही ठाण्यात गेलो. तिथले साहेब नवे होते, बोलायला गूळ. मारकुटा अधिकारी परवडला, पण गोड बोलणारा नको रे बाबा. त्यांनी ठराव वाचला आणि टेबलावर थाप मारली.

“उत्तम कल्पना! कशाला वर पाठवायचं? आजच करून टाकू.”

आणि खरंच केली हो त्यांनी समिती, आमच्या डोळ्यांदेखत. अध्यक्ष स्वतः साहेब. सचिव ठाण्याचाच कारकून. सदस्य म्हणून एक वाळूचे ट्रॅक्टरवाले भाऊ, ज्यांचे ट्रॅक्टर कधी पकडले जात नाहीत, आणि एक बिअर बारवाले नाना, ज्यांच्या बारची वेळ कधी संपत नाही. मग साहेबांची नजर माझ्यावर आली. फोटोत एक लुगडं पाहिजेच असतं.

“ताई, महिला प्रतिनिधी तुम्हीच.”

नाव ठेवलं, ‘स्वतंत्र नागरिक दक्षता समिती’. पहिल्या बैठकीत बिस्किटं होती, दुसऱ्या बैठकीत ढोकळा. मी दोन्हीकडे दिराचा विषय काढला आणि दोन्हीकडे साहेबांनी “नक्कीच, नक्कीच” म्हणून बशी माझ्याकडे सरकवली. ढोकळा चांगला होता, हे मला मान्य करावं लागेल.

मग ठरलं, ठाण्यासमोर धरणं धरायचं. पहिल्या सोमवारी आलो कोण? दीर, धाकटी जाऊ, मी आणि एक कुत्रं. सगळं गाव म्हणे आमच्या पाठीशी. होतंच, पण फार मागे होतं. कपाशीची वेचणी चालू, मजूर लावलेले, नुसतं सतरंजीवर बसायला कोण येतो? कल्पना मला सुचली. आमच्याकडे थंडीच्या दिवसांत माणूस जमवायचा एकच खात्रीचा उपाय आहे. लग्नाचं ठरवायचं असो, निवडणूक असो, भांडण मिटवायचं असो, आम्ही भरीत करतो. मी गिरणीवर येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगून टाकलं, पुढच्या सोमवारी धरण्यात भरीत आहे. वांगी आपापली आणा.

आणि काय सांगू, लोटलं की हो गाव! पांढरट हिरव्या वांग्यांची पोती आली. कपाशीच्या वाळक्या काड्या रचून जाळ केला आणि वांगी त्यात ढकलली. भरीत आमच्या दिराच्याच हातचं. गावात शंभर माणसाचं करायचं असलं की त्यालाच बोलावतात. सोललेली वांगी लाकडाच्या लांबट बडगीत टाकून तो मुसळीने ठेचत होता, वर हिरव्या मिरच्या, शेंगदाणे, कांद्याची पात. फलक त्याच्या मागे झाडाला बांधला होता: पोलिसांची चौकशी पोलिसांकडे नको. धुराने फलकावरचं अर्धं दिसत नव्हतं. घोषणा दोनदा झाल्या. तिसऱ्यांदा तोंडात शेंगदाणे होते.

ठाण्याच्या खिडक्या एकेक करून उघडल्या. आधी निरोप आला, उघड्यावर जाळ करायला परवानगी घेतली का? मी जागेवरूनच विचारलं, वांगं भाजायला कुठलं कलम लागतं? आवाज आतपर्यंत गेला असणार, कारण थोड्या वेळाने साहेब स्वतःच बाहेर आले, हसत हसत, बाह्या दुमडत. आमच्या म्हाताऱ्यांचं डोकं तिथेच फिरलं. दारात आलेल्याला जेवायला बसा म्हणायची खोड आहे ना आमच्या लोकांना! पाहुणा असो, वैरी असो, पंगतीत आला की त्याला पान. “या ना सायेब, बसा ना सायेब.” साहेब बसले. फलकाकडे पाठ करून बसले, तेवढी हुशारी होतीच. कुणीतरी फोटो काढला. संध्याकाळी तो सगळ्या ग्रुपवर फिरला, खाली मजकूर: पोलीस आणि जनता यांचं स्नेहभोजन उत्साहात. आमचं आंदोलन मीच माझ्या हाताने जेवायला घालून मोकळी झाले!

पण मला आठवतं ते त्याच पंगतीतलं.

साहेबांमागून सगळं ठाणं बाहेर आलं आणि ताटल्या घेऊन रांगेत उभं राहिलं. दीर बडगीपाशी बसून वाढत होता, मी त्याच्या डाव्या अंगाला पुऱ्यांची टोपली घेऊन. रांगेत शेवटी तो हवालदार. आधी तो फाटकाशीच घुटमळला होता, भुकेने ओढून आणलं की कशाने, देव जाणे. दिराने मान वर केली. दोघांची नजरानजर झाली. मला वाटलं, आता हा मुसळी उचलतो. त्याने डाव भरला आणि ताटलीत भरीत वाढलं, इतरांना वाढलं तेवढंच, कमी नाही जास्त नाही.

हवालदार ताटली घेऊन हलला नाही. खाली वाकला आणि दिराच्या कानाशी हळूच बोलला. ठाण्यात तो नेहमी पुस्तकी मराठीत खेकसायचा, पण मूळचा माझ्या माहेरकडचा, धुळ्याच्या अंगाचा. आता त्याच्या तोंडून घरची बोली निघाली.

“भाऊ, मनाच हात पडना. मनं चुकनं.”

माझ्या हातातली पुरी टोपलीत पडली. माझाच हात पडला, माझं चुकलं. एवढ्या महिन्यांत ज्यासाठी आम्ही उंबरे झिजवले, ते हे. त्याने म्हटलं! आणि म्हटलं कुठे, तर डाव्या कानात. जो कान त्याने स्वतःच फोडला होता, त्याच कानात.

दीर हसला. डाव्या बाजूने कुणी बोललं की हसतो तसा, काही न कळल्यावर हसतो तसा.

मला राहवलंच नाही. “अहो दादा, त्या कानाने त्याला ऐकू येत नाही! उजव्या बाजूला येऊन बोला!”

गिरणीतला आवाज तो. सगळी पंगत वळून बघायला लागली. साहेबांनीही घास हातात धरून मान वळवली. हवालदाराचा चेहरा उतरला. त्या घटकेला त्याला कळलं असणार, कान कुठला आणि तो तसा का ते. तो खरंच उजव्या बाजूला आला, हे मी त्याच्या बाजूने सांगते. वाकला. तोंड उघडलं. साहेब बघत होते.

“भरीत मस्त झालंय,” तो म्हणाला.

“घ्या ना आजून,” दीर म्हणाला, आणि त्याला आणखी एक डाव वाढला.

मला इतका संताप आला, इतका संताप आला की काय सांगू! हवालदाराचा आला, साहेबांचा आला, आणि माझ्या या भोंग्यासारख्या आवाजाचा सगळ्यात जास्त आला.

पुढच्या बैठकीत, या वेळी कचोरी होती, मी बशीला हात न लावता उभी राहिले. म्हटलं, त्या दिवशी हवालदार काय म्हणाला ते मी या कानांनी ऐकलंय, लिहून घ्या. आणि शब्दन् शब्द सांगितला. ट्रॅक्टरवाले भाऊ मोबाईलमध्ये बघायला लागले. बारवाले नाना छताकडे. साहेब मात्र फार प्रेमाने हसले.

“ताई, तुम्ही पडल्या त्याच्या वहिनी. समिती स्वतंत्र पाहिजे, ही तुमचीच मागणी ना? मग घरच्या माणसाची साक्ष कशी चालेल?”

“आणि तुम्ही हवालदाराचे कोण?” मी विचारलं.

सचिवाने पेन खाली ठेवलं. चहा आला.

मी तिथून निघाले ती थेट केळीच्या बागेत गेले. दीर केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं कापत होता. मी त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले. इतके दिवस सांगितलं नव्हतं, म्हटलं आधी कागदावर येऊ दे, मग सांगू. आता कागदाची आशा संपली होती.

“भाऊजी, त्या दिवशी तो त्या बाजूने बोलला ना, ते भरताचं नव्हतं.” आणि मी सांगितलं.

त्याच्या हातातला विळा थांबला. मला म्हणाला, पुन्हा सांगा. मी पुन्हा सांगितलं, माझ्या माहेरच्या बोलीत, हवालदार बोलला तसंच, जमेल तेवढं हळू. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, झालं, मिटलं. माणसाला आणखी काय पाहिजे.

“तुमचं खरंच असंन, वहिनी,” तो शेवटी म्हणाला. “पन तुमच्या तोंडून नको. मले त्याच्या तोंडून आयकायचं हाये. त्यानं म्हनलं, मंग म्या कामून नाही आयकावं?”

पुढच्या सोमवारी आम्ही पुन्हा ठाण्यासमोर बसलो. जाळ नाही, बडगी नाही, नुसती सतरंजी आणि तोच फलक, धुराने काळा पडलेला. दीर, जाऊ, मी, आणि गिरणीवरच्या सहा-सात बाया, ज्यांना मी भरीत नाही असं आधीच बजावून सांगितलं होतं. हवालदार आतच होता, खिडकीतून दिसत होता. मी दिराला सावलीत सरकायला सांगितलं. तो सरकला नाही. उन्हातच बसून राहिला, कारण तिथे बसलं की त्याचा उजवा कान ठाण्याच्या दाराकडे येत होता.