दोन पेगांच्या भाकऱ्या

गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत समोर राहणाऱ्या गृहस्थांना डॉक्टरांनी बजावलं होतं, आठ किलो उतरल्याशिवाय गुडघ्याचं ऑपरेशन होणार नाही. तेव्हापासून ते काकडीसुद्धा वजनकाट्यावर ठेवून खात. संध्याकाळचे दोन पेग मात्र सुटले नाहीत. "एक पेग म्हणजे एक भाकरी. सायंटिफिक आहे, सर," असं ते मला गंभीरपणे सांगत. गच्चीवर चोरून पीत आणि मग ताटातल्या दोन भाकऱ्या बायकोची नजर चुकवून, रुमालात बांधून माझ्याकडे आणत.

"एवढ्या संपवा, सर. घरात उरल्या तर ही विचारेल, का उरल्या?"

पत्नी गेल्यापासून मी चहा-बिस्किटांवर दिवस काढत होतो. त्यांची अब्रू राखायची म्हणून जेवू लागलो.

परवा रुमालाऐवजी डबाच आला. तीन भाकऱ्या, पिठलं, वर ठेचा.

"आज तिसरा पेग?" मी घाबरून विचारलं.

"कसला पेग! हिला सगळं कळलं," ते पडेल आवाजात म्हणाले. "म्हणाली, आजपासून दारू बंद. पण सरांचा डबा बंद केलात तर याद राखा."