बेसबॉलचा चषक

तिचं खरं नाव फक्त हजेरीपटावर. बाकी सगळ्यांसाठी ती ‘भिंत’. सॉफ्टबॉल खेळायची तेव्हा बॅटवालीच्या मागे उकिडवी बसायची आणि आलेला चेंडू काही केल्या पलीकडे जाऊ द्यायची नाही. आता हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरी पिळते, तीही कंत्राटावर. महिनाअखेर यंत्रं येणार आणि कंत्राटी बायका घरी बसणार. त्याआधी खेळाडूंच्या राखीव जागेवर कायम व्हायचं, एवढी एकच वाट उरली होती. प्रमाणपत्राचा घरात पाणी शिरलं तेव्हाच लगदा झाला. राहिला चषक.

तो टॉवेलात गुंडाळून ती कार्यालयात गेली. सोबत थोरली जाऊ.

कारकुनानं चष्मा वर सरकवून चषकावरची पट्टी वाचली. “महिला बेसबॉल, विजेता संघ. बाई, बेसबॉल आमच्या यादीत नाही.”

“सॉफ्टबॉलच आहे साहेब. कोरणाऱ्यानं चुकून बेसबॉल कोरलं.”

“मग तेव्हाच बदलून का नाही घेतलं?”

भिंतीनं टॉवेलाच्या टोकानं पट्टी पुसली. परत पाठवू का, असं त्यांना शिकवणाऱ्या सरांनी तेव्हा विचारलं होतं की. कप्तान तीच. “राहू द्या हो सर, बायकांचा चषक वाचतंय कोण!” म्हणाली होती, आणि सगळ्याजणी खिदळल्या होत्या.

जाऊबाई पुढे सरसावल्या. “अहो, तेव्हा इथे बायकांचं बेसबॉल होतंच कुठे?”

“नव्हतं?”

“मुळीच नव्हतं!”

“मग नसलेल्या खेळाचा चषक घेऊन आलात होय?”

शेजारच्या टेबलावर कुणीतरी फिसकन हसलं.

सर वारले होते, संघटना कधीच मोडली होती. भिंतीनं उजवा पंजा टेबलावर ठेवला. तीन बोटं सांध्यातून तिरकी. “ही बघा. चेंडू अडवताना मोडलीत.”

कारकुनानं पाहिली. आवाज जरा खाली आला. “बाई, बोटांवर शिक्का नसतो ना.”

अर्जावर मात्र बसला: अपात्र.

“एक ठेवून द्यायची होतीस त्याला,” जिन्यात जाऊ फणफणली.

“त्याला कशाला? चूक माझी.”

दुपारच्या पाळीला ती हजर. मुकादमीण म्हणाली, “झालं का गं काम?”

“नाही.”

मुकादमीणीनं दाराकडे बोट दाखवलं. “बरं... यंत्रवाले मापं घ्यायला आलेत. तेवढा तुझा टब सरकव.”

भिंतीनं टब ओढला.

“अजून थोडा, मावशी,” फीतवाला म्हणाला.

तिनं अजून ओढला.